मायाप्पाची कुत्री

आधी कोकरं ओरडली. घाट उतरून आम्ही पायथ्याच्या माळावर तळ टाकला होता. बायकांनी घोड्यांवरचं बिऱ्हाड उतरवून चुली मांडल्या होत्या आणि मागून आलेली मेंढरं नुकतीच टेकली होती. संध्याकाळी जाळीतली कोकरं सोडली की जे ते आपापल्या आईच्या पोटाखाली शिरतं आणि सगळा कालवा मिटतो. मेंढरं मोजायची आमच्यात पद्धत नाही, मोजली की दृष्ट लागते म्हणतात. मोजायची गरजही पडत नाही, कारण आई नसली की कोकरूच सांगतं. त्या संध्याकाळी सगळी कोकरं गप्प झाली आणि दोन ओरडत राहिली.

माझी सासू ठकूबाई ती दोन्ही कोकरं काखेत घेऊन सगळ्या कळपातून फिरून आली.

"मोरी न्हाई," ती म्हणाली. "आन् बांडी बी न्हाई. बिरू कुटाय?"

बिरू म्हणजे माझे मालक. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायची आमच्यात रीत नव्हती. पण सारखं 'हे' आणि 'ह्यांनी' लिहिलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, आणि रागवायला आता ते राहिलेले नाहीत. घाट उतरताना आम्ही बायका घोडी आणि कोकरं घेऊन पुढे असायचो, गडीमाणसं मेंढरांबरोबर. सगळ्यांच्या शेवटी बिरू आणि माझी कुत्री काजळी. त्या दिवशी बिरू तळावर आले ते एकटेच. आल्या आल्या तांब्याभर पाणी प्याले आणि घोंगडी अंथरून बसले.

सासरे धुळाजी पाच बिऱ्हाडांचे म्होरके होते. ते आवाज चढवत नसत, म्हणून जास्त भीती वाटायची.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"बिबट्या," बिरू म्हणाले. "मधल्या वळणाला. धुकं व्हतं. एक उचलली, दुसरी बिथरून दरीत गेली."

"आन् कुत्री?"

बिरूंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "कुत्री पळाली. वास लागला तशी शेपूट घालून जी रानात घुसली, ती आलीच न्हाई."

चुलीपाशी कोणीतरी हसलं. भाकरी थापता थापता माझे हात थांबले. लग्न होऊन मला उणंपुरं वर्षही झालं नव्हतं.

काजळी माझ्या आंदणातली. आमच्याकडे लेक सासरी निघाली की बाप तिच्याबरोबर चार मेंढ्या देतो, आणि जमलं तर एक कुत्रं. मेंढ्या सासरच्या कळपात मिसळून जातात, त्या कुणाच्या हे पुढे कोणी विचारत नाही. कुत्रं मात्र माहेरचंच राहतं. त्याने लांडगा हाकलला तर 'मायाप्पाचं कुत्रं' म्हणतात, आणि चपला पळवल्या तरी तेच म्हणतात. मायाप्पा म्हणजे माझे वडील, आमचे अण्णा. त्यांच्याकडे शेतीचा तुकडा नव्हता, मेंढरंही बेताचीच. पण त्यांची कुत्री माणदेशापासून कोकणपट्टीपर्यंतच्या तळांवर ठाऊक होती. कुत्री विणार म्हटली की लोक आधीपासून पिल्लू सांगून ठेवत. अण्णा त्याचा पैसा घेत नसत. पिल्लू कुठल्या तळावर जातंय, तिथली माणसं कशी आहेत, हे मात्र इतकं खोदून विचारत, की पोरगी देणारा बाप परवडला. गरीब माणसाचं नाव एखाद्याच गोष्टीवर असतं. अण्णांचं कुत्र्यांवर होतं.

"बघून याया पायजे," मी सासऱ्यांना म्हणाले. म्हणाले कसली, पुटपुटले.

"घाटात माघारी फिरायचं न्हाई," ते म्हणाले. तो आमच्या तळाचा नियमच होता. अरुंद रस्ता, खालून-वरून गाड्या, एका बाजूला कडा. मागे वळलेला कळप आवरत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. "जित्ती असली तर यील वासावर."

सकाळी आम्ही पुढे निघालो. ती आली नाही.

कोकणात आम्ही उन्हाळ्यापर्यंत असायचो. भात कापलेल्या खाचरांत मेंढरं बसवायची, लेंडीचं खत शेतकऱ्याला, धान्य आपल्याला, आणि पुढचं गाव. त्या वर्षी प्रत्येक गावात माझ्या आधी काजळीची गोष्ट पोचलेली असायची. बाजाराला वेगवेगळ्या तळांची माणसं भेटतात आणि मिठामिरचीबरोबर बातम्याही घेऊन जातात. "सगुणे, कोल्हा भुंकला तर आज कुटं पळायचं?" बायका विचारायच्या. मी हसायची. हसले नाही तर लागलं म्हणतील, म्हणून सगळ्यांच्या आधी हसायची आणि मग पाण्याच्या निमित्ताने लांब जायची. सासू उघड काही बोलत नव्हती. फक्त भाकरीचा तुकडा दुसऱ्या कुत्र्यांना टाकताना म्हणायची, "खा रं बाबांनो, तुमी तरी हायसा."

ती दोन कोकरं माझ्याच गळ्यात पडली होती. दुसऱ्या मेंढीचे पाय धरून त्यांना पाजावं लागायचं. मेंढी लाथा झाडायची, आणि मी मनात काजळीला शिव्या द्यायची. खरं सांगायचं तर ती मेली असती तर मला बरं वाटलं असतं. बिबट्याने फाडलेलं कुत्रं असतं, तर लोकांनी अण्णांचं नाव काढलं असतं. पळालेल्या कुत्र्याचं काय करायचं? मला तिची लाज वाटायची, तिच्यापायी अण्णांची वाटायची.

शिमग्याला अण्णा आले. त्यांचा तळ बराच लांब होता, चालतच आले होते. अंगात धुवट सदरा, डोक्याला नवा रुमाल, आणि घोंगडीच्या खोळीत काहीतरी वळवळणारं. त्यांनी धुळाजींना रामराम घातला, गडीमाणसांत बसले, पाणी प्याले. मग खोळ सोडून एक पिल्लू बाहेर काढलं. काळ्या तोंडाचं, मोठ्या पंजांचं, काजळीच्याच आईचं.

"ऐकलं म्या सगळं," अण्णा म्हणाले. "माझ्याकडनं वाईट वस्तू आली आसंल, तर तिच्या बदली ही घ्या."

धुळाजींनी पिल्लाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ऱ्हाऊ द्या, पावणं," ते म्हणाले. "एक लई झालं."

मागे हसू फुटलं. अण्णाही थोडे हसले, पाहुण्याच्या घरी हसतात तसे. पिल्लू त्यांच्या मांडीवरून उतरून माझ्याकडे आलं आणि लुगड्याचा काठ चावू लागलं. अण्णा माझ्याकडे बघत होते. एक शब्द मी बोलायला हवा होता. 'असू द्या, मी सांभाळते' एवढं पुरलं असतं, सासऱ्यांनीही सुनेचं मन म्हणून ऐकलं असतं. पण सगळा तळ माझ्या तोंडाकडे बघत होता आणि महिनोन्‌महिने ऐकलेलं सगळं माझ्या कानात होतं.

मी पिल्लू उचललं आणि त्यांच्या घोंगडीवर ठेवलं. "न्या परत, अण्णा," मी म्हणाले. "हितं नगं आपलं कुत्रं."

"बरं," ते म्हणाले. "न्हेतो की."

जेवायला ते बसले, पण भाकरी अर्धीच खाल्ली. मी वाढताना मान वर केली नाही. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पिल्लू खोळीत घालून निघाले. पुढे बाजारात कळलं, की ज्यांनी पिल्लं सांगून ठेवली होती त्यातल्या बऱ्याच जणांनी नको म्हणून निरोप धाडले.

वैशाख संपत आला तसे आम्ही माघारी निघालो. पावसाच्या आत देशावर पोचावं लागतं, कोकणच्या पाण्यात मेंढरांचे खूर कुजतात. घाटाच्या मधल्या वळणावर झऱ्याचं पाणी येतं, तिथे बिऱ्हाडं आणि मेंढरं पाण्यावर थांबली होती. कडेला एक बाई करवंदांची पाटी घेऊन बसली होती, खालच्या वाडीतली. मी द्रोणभर करवंदं घेतली. ती मेंढरांकडे बघत म्हणाली, "नवस तुमच्यातलाच का गो कुणाचा?"

"कसला नवस?"

"आमच्या राईत दोन मेंढरा सोडल्यान् ना देवाला. दिवाळीच्या सुमारास. राखणीला कुत्रा पण ठेवलान्."

देवराईत कोणी काडी मोडत नाही आणि देवाला सोडलेल्या जनावराला हात लावत नाही. त्यामुळे वाडीतल्या लोकांनी ती मेंढरं तशीच चरू दिली होती. त्या कुत्र्याला लोक देवाचा राखणदार म्हणत, असं ती बाई सांगत होती. जवळ जाऊ देत नाही. नारळ ठेवायला गेलेल्या गुरवाच्याही अंगावर आला होता. आणि माघात एकदा राईत बिबट्याचा आवाज झाला, सगळी वाडी दारं लावून बसली, सकाळी बघतात तर मेंढरं दोन्ही जागेवर आणि कुत्रं रक्तबंबाळ.

"काळा हाय का?" मी विचारलं. "डोळ्याभवती?"

"काजळ घातल्यावाणी," ती म्हणाली.

धुळाजी शेजारीच उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"चला म्होरं," बिरू मागून म्हणाले. "आसतील दुसऱ्या कुणाची. ऊन व्हतंय."

धुळाजींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग इतक्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. कळप घाटातच कडेला दाबून थांबवायला सांगितला, गाड्यांना हात करायला दोन गडी उभे केले. "सूनबाई, तू चल," ते म्हणाले. "तुज्या हाकंला यील. बिरू, तूबी."

पायवाट त्या बाईनेच दाखवली. वरून सरळ कडा वाटतो, पण कारवीच्या झुडपांतून एक घसरण खाली जाते. मेंढी तिथून घसरली तर मरत नाही, पण पुन्हा वर येत नाही. खाली गर्द राई, मधोमध शेंदूर लावलेला दगड, आणि त्याच्या बाजूने वाहणारं पाणी. पाण्याकाठी खेकड्यांच्या कवचांचा खच पडला होता. सशाची हाडं होती, घुशीची कातडी होती. एका मोठ्या झाडाच्या मुळांत माती उकरून बसायची जागा केली होती, त्यात लोकरीचे पुंजके आणि कुत्र्याचे केस एकत्र दाबले गेले होते. तिघं एकमेकांना चिकटून झोपत होती.

मेंढ्या आधी दिसल्या. न कातरलेली लोकर पोटाखाली लोंबत होती आणि अंगभर कुसळं. तरी मी मोरीला ओळखलं. डाव्या कानाला आमच्या तळाची खाच होती. आणि त्यांच्या पुढे काजळी उभी होती.

तिच्या फासळ्या दिसत होत्या. एक कान उभा फाटलेला, मानेवर मोठा जुना वण, नाकाजवळ साळिंदराचा काटा रुतून तिथे गाठ झालेली. मी हाक मारली. माहेरी मारायचो तशी, जीभ टाळूला लावून. तिने माझ्याकडे पाहिलं. ती ओळखत होती, मला कळलं ते. पण शेपटी हलली नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं तशी ती गुरगुरली आणि मेंढ्यांच्या आणखी पुढे आली.

धुळाजी तिथेच उकिडवे बसले. मग मोरीकडे बोट केलं.

"बिबट्यानं उचलल्याली मेंढी ती हीच का?" त्यांनी विचारलं.

बिरू पायाने पाला सारू लागले.

"तुला इचारतोय."

"बिबट्या नव्हता," बिरू म्हणाले. त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता. "म्या वळणावरच्या टपरीवर च्या प्यायला थांबलो. धुकं व्हतं. दोन मेंढ्या घसरल्या आन् ही त्यांच्या मागं उतरली. म्या हाका मारल्या. ती आली न्हाई."

"मग तू उतारला न्हाईस?"

"काय बी दिसत नव्हतं. भ्या वाटलं."

"मेली आसंल आसं वाटलं तुला?"

बिरूंनी मान हलवली. नाही म्हणून हलवली. "भुंकत व्हती," ते म्हणाले. "लई वेळ भुंकत व्हती. म्या म्होरं निगालो तरी ऐकू येत व्हतं."

म्हणजे ती हाक मारत होती. मेंढ्या इथे आहेत, या, एवढंच ती सांगत होती. आणि मी त्याच वेळी पायथ्याला चूल मांडत होते. बिरूंचा राग यायला हवा होता, पण तेव्हा आला नाही. ज्या तोंडाने मी तिला शिव्या दिल्या होत्या, ते तोंड लपवायला त्या राईत जागा सापडत नव्हती.

आम्ही तिला धरून नेऊ शकत नव्हतो. धुळाजींनीच वर बघून शीळ घातली. वरच्या माणसांनी कळप थोडा हलवला आणि मेंढरांचा आवाज खाली आला. बांडीने मान वर केली. मग मोरी ओरडली. दोघी त्या आवाजाच्या रोखाने चालू लागल्या, जिथे चढत नव्हत्या तिथे धुळाजींनी आणि बिरूंनी त्यांना खांद्यावर घेतलं. बिरूंच्या पिंढरीचा काजळीने एकदा कडकडून चावा घेतला. ते ओरडलेसुद्धा नाहीत, मेंढी खांद्यावरून उतरवली नाही. काजळी आमच्या कोणाबरोबर आली नाही. ती मेंढ्यांबरोबर आली. रस्त्यावर दोघी कळपात शिरल्यावर ती सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली, तिच्या जागेवर.

ठकूबाईने भाकरी दुधात कुस्करून पितळी तिच्यापुढे ठेवली. काजळीने ती हुंगलीही नाही. संध्याकाळी घाटमाथ्यावर मेंढरं टेकल्यावर पुन्हा ठेवली, तेव्हा खाल्ली. सासू तिच्यापासून थोडी लांब पदर तोंडाला लावून बसली होती.

अण्णांचा तळ पलीकडच्या गावच्या माळावर पडला होता. धुळाजी स्वतः निघाले. बरोबर मी, बिरू, दोन्ही मेंढ्या आणि मागे काजळी. तळावर पोचल्यावर धुळाजी बसले नाहीत. उभ्यानेच, अण्णांच्या माणसांसमोर, सगळं सांगितलं. चहाचं सांगितलं, भुंकण्याचं सांगितलं, आणि शिमग्याला आपण काय बोललो तेही सांगितलं. मग डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. म्होरक्याने चारचौघांत उघडं डोकं करणं ही आमच्यात साधी गोष्ट नाही. बिरू पाया पडायला वाकले.

"मेंढ्या दोनी तुमच्या," धुळाजी म्हणाले. "आन् येत्या बाजारापास्नं म्होरं जितं जितं आमचा तळ पडंल, तितं मी ही गोस्ट सांगनार. पोराचं नाव घिऊन सांगनार."

"रुमाल बांधा, पावणं," अण्णा म्हणाले. "ऊन लई हाय." त्यांनी बिरूंना उठवलं, पायाचा चावा पाहिला, वर हळद दाबायला सांगितली. मेंढ्या घ्यायला नाही म्हणाले. सगळ्यांना चहा झाला. कोणीतरी लगेच पुढच्या वेळचं पिल्लू सांगून ठेवलं, आणि अण्णा नेहमीसारखे त्याला खोदून खोदून विचारू लागले. मला वाटलं, संपलं. त्यांचं नाव परत आलं, माझी मान सुटली.

निघायच्या आधी ते काजळीला घेऊन बाभळीच्या सावलीत बसले होते. त्यांच्याजवळ ती लोळत पडली होती, चारी पाय वर करून. नाकातला काटा त्यांनी केव्हाच काढला होता आणि आता फाटक्या कानातल्या गोचड्या काढत होते. मी जवळ जाऊन बसले.

"अण्णा," मी म्हणाले, "त्यांनी लई वाईट केलं तुमचं."

"त्यांचं सोड," ते म्हणाले. "त्यांना आपली कुत्री काय ठावं? हिला बघून त्यांना किती दीस झालं व्हतं?" एक गोचीड काढून त्यांनी दगडावर चिरडली. "पर तू हिच्या आईच्या कुशीत निजायचीस बाय. माजी घोंगडी टाकून तिकडं जायचीस. तुलाबी खरंच वाटलं व्हय?"

ते रागाने विचारत नव्हते. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकून घेतलं असतं, पण त्यांच्याशी खोटं बोलायची हिंमत झाली नाही.

"सगळीच म्हणत व्हती, अण्णा," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले. "म्हणत व्हती खरी."

आणि त्यांनी कुत्रीचा दुसरा कान हातात घेतला.